काचेच्या हॉस्पिटलला शंभरपैकी चौऱ्याण्णव

सोमवार, ३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी आज सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, झटका कधीही येऊ शकतो. आला तर एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठायचं. कुठलं, ते आत्ताच ठरवून ठेवा.
मेहुणा लगेच म्हणाला, मोठं हॉस्पिटल जवळ आहे, तिथेच नेऊ. ही काय पद्धत झाली? दुकान जवळ आहे म्हणून कुणी सुटाचं कापड घेतं का? मी जाहीर केलं की मोठं हॉस्पिटल आणि नवं काचेचं हॉस्पिटल यांची रीतसर तुलना करून निकाल देतो. सासरे म्हणाले, जावईबापू, तोवर मी थांबायचं ना? त्यांना थट्टेची सवय आहे.
अठ्ठावीस वर्षं लोकांची मापं घेतोय. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. स्वतःची पँट उसवली, पुन्हा शिवली, टेलर झालो. हॉस्पिटलही तसंच उसवून बघू.
संकल्प: आठवड्यात निकाल. शिवाय रोज पहाटे चालणे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
चाललो नाही. बूट चावतात.
शंभर गुणांचा तक्ता तयार. स्वच्छता २०, वागणूक २०, गणवेश १५, लिफ्ट १०, पार्किंग १०, मृत्यू २५. बायकोने विचारलं, अहो, आणि उपचाराला किती? म्हटलं, ते सगळ्यांत मिळून येतात. ती कणीक मळायला निघून गेली. पटलं असावं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
मोठं हॉस्पिटल पाहिलं. शी!
वागणूक तपासायची म्हणून दारात छाती धरून उभा राहिलो. स्वागत वगैरे काही नाही. एका वॉर्डबॉयने ढकलत ट्रॉलीवर आडवं केलं. नर्सने नावसुद्धा न विचारता शर्ट उघडला, त्यात एक बटण तुटलं. छातीवर थंडगार चिकटपट्ट्या, लगेच ईसीजी. मग तरुण डॉक्टरीण म्हणाल्या, काका, काही झालेलं नाही तुम्हाला, उठा, मागे खरे पेशंट आहेत. खरे!
वागणूक: २. नर्सच्या एप्रनचा खिसा एका टाक्यावर लोंबत होता. गणवेश: ३.
कळस म्हणजे भिंतीवर बोर्ड. गेल्या वर्षी झटका येऊन दाखल झालेले नऊशे बारा, दगावलेले अठ्ठ्याऐंशी. असल्या गोष्टी कुणी चारचौघांत टांगतं? मृत्यू: शून्य गुण.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
काचेचं हॉस्पिटल. दार आपोआप उघडतं. इथेही छाती धरली. रिसेप्शनवरच्या मुलीने खुर्ची दिली, गार पाणी दिलं, पत्ता विचारला, विमा विचारला, कॉफी घेणार का विचारलं. अर्धा तास झाला तरी कुणी अंगाला हात लावला नाही. याला म्हणतात अदब. वागणूक: २०.
तिला थेट विचारलं, हार्ट अटॅकने तुमच्याकडे वर्षात किती जातात? म्हणाली, एकही नाही, सर. फार गंभीर पेशंट आम्ही ठेवून घेत नाही. म्हणजे गर्दीवरही नियंत्रण! मृत्यू: २५ पैकी २५.

सोमवार, १० फेब्रुवारी
आज निकाल द्यायचा होता. तक्ता हिरव्या शाईने पुन्हा उतरवण्यात दिवस गेला. वकीलसाहेब कोट मागायला आले, तो अजून बाहीविना आहे. बडबडले. संशोधन म्हणजे काय हे सगळ्यांना कळत नाही.
चालणे पुढच्या महिन्यापासून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
निकाल सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत वाचून दाखवला. काचेचं त्र्याण्णव, मोठं एकवीस. सासरे म्हणाले, जिथे न्याल तिथे येईन बापडा, फक्त वेळेत न्या. मेहुणा फाटे फोडायला लागला. भाऊजी, पण तिथे अँजिओप्लास्टी होते का? बंद पडलेली रक्तवाहिनी उघडतात का? म्हटलं, एवढी लिफ्ट आहे, तर ते नसेल का? बायको म्हणाली, उगाच अंदाज नकोत, आजच फोन करून विचारा.
विचारतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
फोन केला. थांबवून ठेवलं, पण काय सुरेल बासरी वाजते! एक गुण वाढवला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, फोन ठेवला. नंतर विचारू.

रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळ
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय, अक्षर वाईट येतंय.
दुपारची जेवणं आटोपली होती. सासऱ्यांना दरदरून घाम फुटला, जबडा दुखतोय म्हणाले. मेहुण्याने गाडी मोठ्या हॉस्पिटलकडे वळवली होती. मी पुढेच बसलो होतो, ओरडून उलटी फिरवायला लावली. बायको मागून म्हणत होती, अहो नको, अहो ऐका. पण तक्ता कुणी केला होता?
दार आपोआप उघडलं. व्हीलचेअर, हसू, ईसीजी. मग तीच मुलगी म्हणाली, सर, मोठा झटका आहे, यांना ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला न्यायला हवं. आमच्याकडे ती सोय नाही. मी म्हटलं, अहो, पण तुमच्याकडे एकही मृत्यू नाही ना! ती म्हणाली, नाहीच, सर. असे पेशंट आम्ही तिकडेच पाठवतो.
ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला.
मोठ्या हॉस्पिटलात कुणी कॉफी विचारली नाही. सासरे ट्रॉलीवरून थेट आत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
वाचले. रक्तवाहिनी उघडली. पण हृदयाचा बराच भाग कायमचा दुबळा झालाय, जिना आता चढता यायचा नाही. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याच त्या. मला ओळखलं नाही, हे बरंच झालं.
प्रत्येक पेशंट उशिरा का पोचला याची ते नोंद ठेवतात म्हणे. पुढच्या वर्षी आकडे सुधारावेत म्हणून. बाईंनी विचारलं, ट्रॅफिक होतं का? गाडी मिळाली नाही का? घरच्यांना लक्षणं कळली नाहीत का? बायकोने माझ्याकडे बोट केलं.
बाई म्हणाल्या, हो, नातेवाईक असं एक कारण आहे आमच्याकडे.
मी म्हटलं, निदान इतर असं तरी लिहा. पण त्यांनी लिहून टाकलं होतं.