पट्टा बांधला नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

आली एकदाची! पिवळी, दोन दारांची, बुटकी. टोइंगच्या गाडीवरून उतरवली तेव्हा भंगार यार्डातले सगळे हातातलं काम टाकून बघायला. पुढून पार चेपलेली, रेडिएटर इंजिनात घुसलाय. मागून मात्र ओरखडा नाही. उस्तादांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "आगे से मय्यत, पीछे से दुल्हन." मग माझ्याकडे बघून — "पीछे का डिफ्रंसल तू खोलेगा. अकेला."

अकेला! सात महिने नुसते टेंपोचे पाटे खोलतोय. आज स्पोर्ट्स कार!

११ नोव्हेंबर, मंगळवार

सायलेन्सर उतरवला. तीन बोल्ट गंजून बसलेले. शेवटच्याला पान्यावर पाइप चढवून अक्षरशः लोंबकळलो तेव्हा हलला.

आता डिफरेन्शिअल नीट दिसतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा डबा. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट ह्यात शिरतो आणि इथून जोर दोन्ही चाकांना वाटला जातो. बाहेरून तीन कान, त्या कानांतून बोल्ट. एवढ्यावरच अख्खा डबा लटकलेला!

उस्तादांनी दोनदा बजावलं. शेवटचा बोल्ट सोडायच्या आधी डबा जॅकला पट्ट्याने बांधायचा. "गिरा तो कान जाएगा. और ऐसा कान लेके गाडी भागी, तो शाफ्ट नीचे और गाडी ऊपर. समझा?"

समझा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१२ नोव्हेंबर, बुधवार

डबा अजून गाडीत आणि गिऱ्हाईक दारात. हितेश, कशेळीचा. घरची गोडाऊनं आहेत भाड्याने दिलेली. त्याच्याकडे हीच गाडी, पांढरी, जुनीच घेतलेली. मागून कुंई कुंई आवाज करते, म्हणून आमचा डबा हवाय.

मला वाटलं रुमाल नाकाला लावून लांब उभा राहील. कसलं! पँट दुमडून थेट गाडीखाली. "भावा, मना पन दाव ना. यो कंचा बोल्ट?" पाना दिला तर उलटाच फिरवायला लागला. दोघं हसलो. दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे. "आईनं दिलीय. खा रं, लाजतंस काय?"

आवडला मला. इथे कशाला खोटं लिहू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मृणाली.

आज काही कारण नव्हतं. तेल सोडलं, खालच्या ट्रेमध्ये ते काळं तेल पसरत गेलं आणि ती आठवली. काय संबंध? काही नाही!

दोन वर्षं झाली. कॉलेजच्या जिन्यात एकजण तिच्याबद्दल घाणेरडं बोलला. मी त्याचं नाक फोडलं. वाटलं, आता तरी हिला कळेल. ती भडकली माझ्यावरच. "तुला कोणी सांगितलं होतं रे? आता अख्खं कॉलेज माझंच नाव घेईल." प्राचार्यांनी माफीपत्र मागितलं. नाही लिहिलं. पुन्हा गेलोच नाही. आईला वाटतं अभ्यास झेपला नाही. वाटू दे.

तिलाही सॉरी म्हटलं नाही. ते मात्र अजून टोचतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उस्ताद नमाजला गेलेले. मी आणि हितेश दोघेच. दोन्ही बाजूंचे एक्सल सुटलेले, शाफ्ट सुटलेला, एकच बोल्ट बाकी. पट्टा माझ्या खांद्यावर होता. बांधणारच होतो.

हितेश म्हणाला, "ही बघ. गेल्या म्हयन्यान साखरपुडा झाला आमचा." फोन समोर धरला.

हिरवी साडी. गजरा. मृणाली.

मी काय बोललो आठवत नाही. "छान" म्हणालो बहुतेक. तो चहा सांगायला बाहेर गेला. मी खाली शिरलो आणि त्या बोल्टवर असा काही जोर काढला — बोल्ट सुटला, डबा जॅकवरून घसरला, धाडकन फरशीवर! पट्टा माझ्या खांद्यावरच.

डाव्या कानाला तडा. केसासारखा. डोळ्याला धड दिसत नाही, नख फिरवलं की लागतो.

शेल्फवर चंदेरी स्प्रे होता. पुसायलासुद्धा थांबलो नाही, तेलावरच मारला. हितेश दोन कटिंग घेऊन आला. प्यायलो त्याचा चहा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उस्तादांनी डबा हाताने फिरवून बघितला, कान लावून ऐकला, आतले दात बॅटरीने तपासले. "बढिया." मग मला — "पट्टा बांधा था ना?"

"हां."

इतकं सोपं असतं.

हितेशने डबा स्वतः उचलून टेंपोत ठेवला. मला मिठी मारली, शर्टभर तेल. घरीच बसवणार म्हणे, व्हिडिओ बघून. अडलं तर मला फोन.

बसव की. लग्न त्याचं, गाडी त्याची. मला काय!

१६ नोव्हेंबर, रविवार

मला काय!!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

धामणकर नाक्यावर रिक्षावाल्याशी भांडलो. चौथा माणूस बसवला म्हणून. रोजच बसवतो तो! उतरलो, चालत निघालो, तर हितेशचा फोन.

"रविवारी गनेसपुरीला जातांव. मी आनि मृणाली. गाडीची पयली फेरी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ट्रकचे हॉर्न वाजत होते, त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. मग तोच म्हणाला, "आनि तुना सांगाचा राहला. तिनंच मना तुझ्याकडं धाडला. बोलली, त्याचा डोका गरम हाय, पन खोटा न्हाय बोलत तो."

म्हणजे तिला माहीत आहे मी कुठे असतो ते! कधीपासून?

तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. खोटा न्हाय बोलत तो. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कदाचित टिकेल. बारीकच तर आहे. हळू चालवली तर — पण ती गाडी हळू चालवायला कोण घेतं? आणि वज्रेश्वरीकडचे खड्डे!

पाना सटकून हाताची सालटं निघाली. उस्ताद म्हणाले, "तू है किधर?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

सहा वेळा हितेशचा नंबर काढला. सहा वेळा ठेवला. काय सांगू? तू दाखवलेला फोटो बघून माझा हात सुटला? मग तो विचारणार — का?

जेवलो नाही. आई म्हणाली, "बरं न्हाय काय?" तिच्यावरही ओरडलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज स्वप्नात गाडी नव्हती. नुसता गजरा रस्त्यात पडलेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

उस्तादांना सांगितलं. सगळं. पट्टा, स्प्रे, मृणाली. वाटलं, हातातला पानाच घालतील डोक्यात. ते टायरवर खाली बसले. मग — "गिरा, वो गलती. मुझे 'हां' बोला, वो चोरी. तेरा मैं बाद में देखता हूँ. पहले उधर जा. फोन पे नहीं. मुँह पे बोल."

निघतोय कशेळीला. मार खायची तयारी आहे. इथे लिहून ठेवतो, म्हणजे नाक्यावरून परत फिरता येणार नाही.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ

हितेशच्या अंगणात पांढरी गाडी लोखंडी स्टँडवर उचललेली होती. मागची चाकं भिंतीला टेकवलेली. आमचा डबा बाजूला गोणपाटावर, नेला तसाच.

मी "डावा कान —" एवढंच म्हणालो. हितेश म्हणाला, "म्हायती हाय. टेंपोतून उतरवतानाच रंग बोटाला लागला, खाली तडा."

"मग रविवारचं? गणेशपुरी?"

"कसली गनेसपुरी! त्यो फोन मुद्दाम केलता. मी तवाच तुझा गला धराला निंगालेलू. मृणालीनं आडवला. बोलली, रविवारपर्यंत थांब. येईल तो."

एक दिवस बाकी होता.