बॉनेटला लावलेली विभूती

केदारआण्णा,

दुपारी सुंदररावाचा माणूस त्याची कॉन्टेसा गाडी ठेवून बदल्यात आपली जीप न्यायला येईल. जीप न्हाई म्हणून सांग. मी आन अप्पा तिच्यात कापडाचे गठ्ठे टाकून नेकनूरच्या बाजाराला चाललोत. भाकरी दुरडीत हाय.

कॉन्टेसा लई पळते, मान्य. परळीच्या रस्त्याला ती चालवताना तू हसलास, तसा कैक वर्षांत हसला न्हाईस. पण दोन इलेक्शनं त्याच्या कार्यकर्त्यांनी पिदडलेली गाडी हाय ती. नव्या गाड्या निघाल्या म्हणून सुंदरराव ती आपल्या गळ्यात मारतोय. मग जीप गेल्यावर बाजाराला गठ्ठे काय डोक्यावर न्यायचे?

कॉन्टेसाच्या बॉनेटला विभूती लावली, आता माघार घेतली तर पाप लागंल म्हणतोस. अरे, त्यानं मुद्दाम पूजा आधी करायला लावली आन सौदा मागून बोलला. आपला भिडस्त स्वभाव त्याला ठाऊक हाय. देव काय त्याचा दलाल हाय का?

मला बघायला आलेले पाहुणे जीपला हसले, ते तुझ्या काळजाला लागलं. कळतं रे मला. पण जीपला हसणाऱ्याच्या घरी मला नांदायचंच न्हाई. न हसणारा मिळाला, तर गठ्ठ्यांवर बसून सासरी जाईन. जीप तू चालव.

रुद्राणी