सालीचा वास

ता. १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. कामाच्या रगाड्यात उत्तर राहिलं, असं लिहून कालचा कागद मी फाडला. रगाडाबिगाडा काही नव्हता.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलंय, ते माझ्यापेक्षा जास्त आजारी असतं. आम्ही अजून त्याच मॅग्नोलियाच्या सालीमागे आहोत. साल दळायची, अर्क काढायचा, उभ्या काचनळीतून थेंब थेंब उतरवत त्यातलं होनोकिओल नावाचं द्रव्य तेवढं वेगळं करायचं. पोतंभर सालीतून डबीभर पांढरी पूड. तू मागे म्हणाला होतास, "एवढ्या खटाटोपात औषध करणाराच आजारी पडायचा!"

वहिनीच्या गाठीचं वाचलं. डॉक्टर म्हणतात लवकर सापडलीय, काढली की झालं. बावीस तारीख दिलीय, आणि तू ती रद्द करायला निघालायस. "घरचं औषध असताना कापाकापी कशाला? आईला दिल्या होत्यास त्याच कॅप्सूल पाठव." खाली वहिनीच्या अक्षरात, "वैदूबाई, तुमच्या हाताला गुण आहे." आईनं ठेवलेलं नाव तिनंही उचललं. त्या ओळीपुढे माझं वाचन सरकत नाही.

दादा, ही पूड काचेच्या बशीतल्या पेशींवर बरी वागते, उंदरांवरही. माणसाचा आजार तिनं बरा होतो, असं अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईच्या गाठीच्या वेळीही मी हेच सांगितलं होतं. पण तुझा रोज फोन. "पोटची पोर ना तू तिची? औषध कुलपात ठेवून बसलीयस?" शेवटी मी डबी पाठवली.

त्या डबीत औषध नव्हतं. नुसती साखर होती, दुधापासून काढतात ती.

औषधाची माणसांवर परीक्षा घेताना निम्म्यांना खोट्या कॅप्सूल देतात. त्या हुबेहूब खऱ्यासारख्या असाव्या लागतात, नाहीतर ओळखू येतात. आधीच्या नोकरीत मी त्याच भरायचे. तसंच केलं. वास यावा म्हणून साखरेत दळलेल्या सालीची किंचित भुकटी मिसळली. तू लिहितोस, "आईच्या डबीला अजून औषधाचा वास येतो." तो वास मी लावलाय.

न तपासलेली पूड आईच्या पोटात घालायची माझी छाती नव्हती, आणि तुला नाही म्हणायचीही नव्हती. म्हटलं, साखरेनं अपाय तर नाही. मग आईला खरंच बरं वाटायला लागलं. दोन घास जास्त जाऊ लागले. तू फोनवर हसलास, किती दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यात म्हणालास, "आई म्हणते, आता दवाखाना बंद. तुझं औषध पुरे."

तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

पाच महिन्यांत आई गेली. उपचार चालू राहिले असते तर दोन वर्षं तरी, असं डॉक्टर म्हणाले होते. खरं खोटं कोण जाणे, पण ती दोन वर्षं मी रोज जगते. आई गेल्यावर तू सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवलास, "हिच्यामुळे म्हातारीचे शेवटचे दिवस सुखाचे गेले." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती नम्र आहे.

कॅप्सूल पाठवत नाही. खऱ्या नाहीत, खोट्याही नाहीत. या पत्राची एक प्रत वहिनीच्या नावानं वेगळी टाकतेय. तू तिच्यापासून लपवशील म्हणून नाही. एकच पत्र लिहिलं असतं तर तेही मी फाडलं असतं, म्हणून.

तिला बावीसला दवाखान्यात ने. मग मला काय बोलायचं ते बोल. दारात उभं केलं नाहीस तरी चालेल, पण तिला ने. तिनं "त्यापेक्षा वैदूबाईंचं औषधच बरं" म्हटलं तर आईची ती डबी तिच्यासमोर उघड आणि उरलेल्यातली एक कॅप्सूल फोडून जिभेवर ठेव. गोड लागेल.

ते नाव मला आता खाली लिहवत नाही.

नुसतीच,
तुझी बहीण