लालपिवळ्याचा गळा

१२ एप्रिल
—आणि शिटला, सरळ माझ्या मनगटावर. तरी सोडला नाही. पंखाखालून रक्ताचा थेंब घेतला, कापडी पिशवीत घालून वजन केलं, मग सोडला. लगेच तारेवर बसून गायला लागला! एका पायात लाल कडं, दुसऱ्यात पिवळं. म्हणून लालपिवळा.

सर खूश. ‘काय गळा लागलाय गड्याचा!’ गाण्यापायी पक्ष्याची किती ताकद खर्च होते ते त्यांना मोजायचंय. त्यासाठी त्यांनी नरांच्या कातडीखाली बारीक नळ्या बसवल्या. काहींत नराच्या हार्मोनची भुकटी, काही नुसत्याच. कुणाला कुठली, ते सरच जाणतात. मला सांगायचं नाही— माझी नजर बिघडेल म्हणे.

ह्याच्यात कुठली ते कळायला नजर कशाला हवी?

१४ एप्रिल
त्याच्या घरट्याच्या पेटीत पाच पिल्लं. अळ्या आणते ती मादीच. तिच्या छातीचं हाड बोटाला लागतं. हा तारेवर. अळी सापडली तर स्वतः गिळतो, चोच फांदीला पुसतो, पुन्हा गातो. किळस येते.

पिल्लांना भरवायचं नाही. ‘आपण फक्त बघायचं.’— सर.

१५ एप्रिल
ताई आली. चार दिवस राहीन म्हणते. या उकाड्यात लांब बाह्या. भांडी घासताना बाही वर गेली आणि मनगटावर बोटांचे वळ दिसले. मी बघितलं, हे तिने बघितलं.

‘स्वभाव नाही गं त्यांचा. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत ना, त्या डोक्यात जातात.’

जेवताना तिला लालपिवळ्याचं सांगितलं. हसली— तुटका दात हाताने झाकून. ‘जावईबापूच की तुझा!’

मग हळूच, ‘तू तर हेच शिकतेस. औषधाने होतं ना असं?’

‘होतं,’ मी म्हणाले.

केवढी हलकी झाली ती!

१७ एप्रिल
एक पिल्लू मेलं. मुंग्या आधी डोळ्यांना लागल्या होत्या. चिमट्याने बाहेर काढलं. हाताचा वास साबणाने जात नाही. वर गाणं चालूच.

सरांना फोन केला. ‘वा! नोंद कर.’

वा!!

१८ एप्रिल
ताईने कपड्यांना इस्त्री करून पिशवी भरली. भाऊजी परवा न्यायला येणार. फोनवर त्यांचा आवाज काय गोड!

१९ एप्रिल
दुसरं पिल्लू गेलं. सर बाहेरगावी. जाळं लावलं, लालपिवळा सापडला. कातडी जराशी कापून नळी ओढून काढली. प्रयोग गेला खड्ड्यात. औषध उतरलं की अळ्या आणेल, असं वाटलं होतं.

नळी उजेडात धरली. आरपार दिसलं. दोन्ही टोकं बंद, आत भुकटीचा कणही नाही. नुसतीच होती.

मुठीत त्याचं काळीज फडफडत होतं. आवळून टाकावा असं वाटलं. सोडला. तारेवर बसला. गायला.

घरी येण्याआधी उरलेल्या तिघांना अळ्या भरवल्या. फक्त बघायचं, तर बघून झालं पुष्कळ.

संध्याकाळी ताईला सांगितलं.

‘म्हणजे तो तसाच?’

‘तसाच. आणि त्या दिवशी मी तुला औषधाने होतं म्हणाले ना—’

‘कळलं गं.’

मनगट चोळत बसून राहिली. मग म्हणाली, ‘गोळ्या गेल्या वर्षी लागल्या.’ आणि थोड्या वेळाने, ‘दात त्याआधीचा.’

२० एप्रिल
सकाळी भाऊजी आले. खाली गाडीवर बसून बराच वेळ हॉर्न वाजवत होते. ताईने गॅलरीचं दार लावलं आणि दूध तापत ठेवलं.