आधी अंथरूण टाकावं

मु. पो. कुरकुंभ, ता. दौंड
शुक्रवार

नवनाथ,

जिवंत पोरीच्या नावानं आंघोळ केलीस, आन् माझी सासू मेल्याचं कळलं तर तोंडावर पाणीबी मारलं न्हाईस. ती मेली न्हाई हा विषय वेगळा. पर तुला कुठं ठाऊक होतं, मेली न्हाई ते? दूधवाल्या पोपटरावानं टेम्पोतनं तुमच्या मांडवगणात बातमी पोचवली तवा दुपारचे तीन वाजले होते, आन् तिथनं इथं यायला पूल ओलांडून तास लागतो. चाळीस माणूस गोळा झालं. केडगावची चुलत सासू आली (तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई, तरी वाट सापडली), पाटसचे व्याही आले, ज्यांच्याशी आमचं बांधावरनं बोलणं बंद हाय तेबी येऊन कोपऱ्यात बसले. माझ्या माहेरचं एक माणूस न्हाई. सासू उठून बसली, चहा प्याली, आन् कोण आलं कोण न्हाई ते बोटावर मोजलं. “चांगुणे, तुझा भाऊ न्हाई आला गं. मी खरीखुरी मेले तरी मांडवगणचा दुखवट्याचा टॉवेल काय यायचा न्हाई.” आठ दिस झाले, दोन्ही टायमाला जेवताना हेच ऐकते. तिला काय सांगू, माझा भाऊ फक्त जिवंत माणसांचं सुतक पाळतो म्हणून?

बरं. चि. नवनाथ यास आक्काचे आशीर्वाद. (हे वर लिहायचं असतं, पर राग आधी आला.) इकडं सगळी खुशाल हायेत, मेलेलीसकट. तुझा गुडघा कसा हाय? सिंधूची कंबर कशी हाय? ऊस तुटला का? फोन तू उचलत न्हाईस म्हणून कागद खराब करते. चौथीपर्यंत शिकलेले हाय, चुका काढत बसू नको. तू दहावीला तीनदा बसलास, मी कवा काही बोलले?

पोपटरावाजवळ निरोप दिलास म्हणे, “आक्काला विचार, असला कसला खेळ खेळती ज्यात सासू मरती? आम्हालाबी शिकव म्हणावं.” मला टोमणा कळतो. पर विचारलंयस तर आता पुरतं ऐक. अर्धं ऐकून उठायची तुझी खोड हाय, तेवढी आज बाजूला ठेव.

खेळ मला तुझ्या पोरीनं शिकवला. तिचं नाव तुझ्यासमोर काढायचं न्हाई असा तुझा हुकूम हाय. स्नेहल. बघ, काढलं. फाडायचं तर आत्ताच फाड, पुढं लई वेळा येणार हाय. तिनं मल्हारशी लग्न लावलं त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. दोघं एकाच औषधाच्या कंपनीत, ही लॅबला, तो प्लांटला. त्याच्या आज्यानं मेंढरं राखली हे तुला सोसलं न्हाई. आपले आबा जिवंत होते तवा त्याच आज्याच्या मागं मागं फिरायचे, “दोन रात्री आमच्या रानात मेंढरं बसवा” म्हणून. त्यांच्या लेंड्या तुझ्या उसाला चालल्या, पोरगा चालत न्हाई. दारात उभ्या पोरीला “तू आम्हाला मेलीस” म्हणलास आन् सगळ्या गल्लीदेखत बोअरचं पाणी डोक्यावर ओतून घेतलंस. तेवढ्यावर भागलं न्हाई. तुझ्या दाजींना फोन करून सांगितलंस, तिला घरात घेतलं तर आपलंबी संपलं. दाजी तुला भितात. (मला भीत न्हाईत, ही माझी चूक झाली.) म्हणून पोरगी हायवेच्या पलीकडं राहते, माझ्या गच्चीवरनं तिच्या दोरीवरची कापडं दिसतात, आन् दोन वर्षं ती माझ्या उंबऱ्याला लागली न्हाई.

मग एक दिवस पोपटरावानं मेथीच्या जुडीखाली घालून जुना लॅपटॉप आणून दिला. आत चिठ्ठी, “आत्या, ह्यात ये. इथं उंबरा न्हाई.”

आता खेळ सांगते. एक परका मुलूख असतो, झाडी, डोंगर, नदी. त्यात आपल्याला एक काठी देऊन सोडून देतात, सासरी सोडतात तसं, कुणी काही सांगत न्हाई. आपण दगड फोडायचे, लोखंड काढायचं, भट्टी लावायची, कारखाना उभा करायचा, आन् मधेच जनावरं अंगावर आली की लढायचं. सुरुवातीला माणूस निवडायला लागतो. एक जादूवाला होता, एक धनुष्यवाली, एक कुऱ्हाडवाली दांडगी बाई. मी दांडगी घेतली. नवशिक्यानं दांडगंच घ्यावं, चुकलं तरी चार दणके सोसतं. मग तिचं नाव विचारलं. त्याच दिवशी सकाळी सासूनं माझ्या कालवणात पाणी किती न् मीठ किती ह्यावर शेजारणीसमोर भाषण दिलं होतं. मी नाव ठेवलं, सासूचंच, दगडाबाई. हे करू नये. घरातल्या जिवंत माणसाचं नाव कवाच ठेवू नये, पुढं त्रास होतो.

दुसरं, काठी घेऊन लढायला जाऊ नये. आधी ढाल करावी, मग कुऱ्हाड, मग घराबाहेर पाय. हे स्नेहलनं मला तीनदा सांगितलं. मी म्हणले, रानडुकरं मी ह्या जन्मी लई हाकलली हायेत. खेळातलं डुक्कर हाकलून जात न्हाई. सरळ चालून येतं. पहिल्या दुपारी दगडाबाई दोनदा मेली, दुसऱ्या दुपारी चारदा. लपवत न्हाई, पहिली दोन मरणं मला बरी वाटली. पण मेलं की आपलं सगळं सामान तिथंच पडतं, आन् ते आणायला पुन्हा त्याच डुकरापुढं जावं लागतं, आन् पुन्हा मरावं लागतं. पळायला शिकावं. पळण्यात कमीपणा न्हाई. मोठं जनावर दिसलं की पळावं, कुऱ्हाड झाली की माघारी यावं. आपल्या घरात हे कुणाला शिकवलंच न्हाई, पहिल्याच दिवशी मोठ्या जनावराच्या अंगावर जायचं आन् मग जन्मभर मिशीला तूप.

तर बातमी उठली त्या दिवशी सासू ओसरीला तोंडावर शाल ओढून झोपली होती. मी आतनं कानाला माईकचा हेडफोन लावून ओरडले, “मेली बघ दगडाबाई! आता काय करू गं स्नेहल?” भिंतीपलीकडं गीताबाई भांडी घासत होती. तिनं येऊन बघितलं, म्हातारी शाल ओढून आडवी. तिनं हात लावून बघायचा का न्हाई? न्हाई लावला. रस्त्यावर जाऊन हंबरडा फोडला. मला कानाला लावलेल्यामुळं काही ऐकू येईना. मी डुक्कर मारून बाहेर येते तो अंगणात बांबू, गोवऱ्या, चाळीस माणूस, आन् तुझे दाजी सदरा काढून रडत बसलेले. त्या गलक्यानं म्हातारी उठली. म्हणली, “कोण गेलं?”

ही झाली त्या मरणाची हकिकत. आता ध्यान देऊन ऐक, सगळ्यात मोठी गोष्ट ही. नवशिक्यानं कारखाना नंतर करावा, लढाई नंतर करावी, आधी अंथरूण टाकावं. चार फळ्या आन् थोडं गवत, तेवढ्यात होतं. जिथं आपलं अंथरूण, तिथं मेल्यावर माणूस पुन्हा उठून बसतं. अंथरूण नसलं तर पार मुलखाच्या टोकाला, डोंगराच्या कडेला उठावं लागतं, काठीबिगर, आन् तिथनं सगळं रान तुडवत चालत यावं लागतं. मी पहिल्या दिवशी टाकलं, भट्टीच्या उबेला. स्नेहलनं अजून टाकलेलं न्हाई. लॅबमधे मोठमोठ्या मशिनी चालवणारी पोरगी, मला शिकवणारी, आन् स्वतःचं अंथरूण न्हाई. मेली की डोंगराच्या कडेला उठते आन् चालत येते. मी दगड फोडत वाट बघते. एकदा तोंड सोडलं तिच्यावर, “टाक की गं मेले कुठंबी!” म्हणली, “टाकीन आत्या. कुठं टाकायचं ते ठरत न्हाई.”

कारखान्याचं दोन शब्दांत सांगते, कारण तुला त्यातलं कळंल. भट्ट्या एकमेकीला चिकटवून लावू नये. मी मधनं बैलगाडी फिरंल एवढा रस्ता सोडला तवा स्नेहल हसली, “आत्या, इथं बैल न्हाईत.” महिन्याभरानं माल वाहायचा दुसरा पट्टा टाकायला जागा लागली तवा माझाच रस्ता कामाला आला. विजेचं आपल्यासारखंच, ताकदीपेक्षा जास्त मोटारी जोडल्या की सगळ्या रडत चालतात. आन् पट्टा म्हंजी आपली पाण्याची चारी. खाणीतनं लोखंड त्या पट्ट्यावरनं वाहत येतं, कडेनं भट्ट्या आपला आपला वाटा उचलतात. आमच्या सहा भट्ट्या. पहिल्या तीन तुडुंब, चौथी उपाशीपोटी, पाचवी-सहावी गार. स्नेहल वही घेऊन अर्धा तास गणित मांडत बसली. मी म्हणले, गणित कशाला, हे चारीच्या हेडचं आन् टेलचं, वरच्या टोकाचं आन् खालच्या टोकाचं भांडण हाय. हेडवाला दोन्ही हातांनी पितो, टेलवाला कोरड्या चारीत उभा. वरच्यांची दारं अर्धी बंद कर आन् पाळी लाव. फाटे पाडायचं एक यंत्र असतं, ते लावलं, सहाव्या भट्टीला धग आली. म्हणली, “आत्या, तुला कसं कळलं?” मी म्हणले, “तुझ्या बापानं शिकवलं.” त्यावर ती नुसते दगड फोडत होती. आवाज येत होता.

गेल्या उन्हाळ्यात टेलच्या लोकांना पाणी मिळावं म्हणून तू चारीत उतरून आडवा झालास. पेपरात फोटो आला, मी कापून ठेवलाय. तो फोटो बघून मला अभिमान वाटावा का रडावं, हे तूच सांग. परक्याच्या टेलसाठी चिखलात लोळतोस, आन् घरातलं टेल कोरडं पाडलंस ते पाडलंसच, वर दाराला कुलूप घातलंस.

लिहून हात दुखला. घरात जे बोलतात त्यांना आशीर्वाद, जे बोलत न्हाईत त्यांनाबी. तू वाईट असलास तरी माझा भाऊच,

म्हंजी तुझी आक्का,
चांगुणा

ता. क. खेळ शिकायची काही गरज न्हाई. तुला मोबाईलची बॅटरी बंद करता येत न्हाई, तू काय भट्ट्या लावणार. पहिल्या ओळीत खरं काम लिहिलं असतं तर कागद चुलीत गेला असता. डुकरापर्यंत वाचलंस म्हंजी आता शेवटपर्यंत वाचशील, म्हणून इतकं दळण घातलं.

ता. क. दुसरा. स्नेहलला सातवा महिना हाय. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुला मी सांगायला नको. ती तोंड उघडून मागायची न्हाई, तुझ्यावरच गेलीय. दवाखान्यात विचारतात, बाळंतपणाला कुठं जाणार, तर म्हणते, “ठरत न्हाई.” तेच खेळातलं उत्तर. तर मी विचारते. तिचं अंथरूण कुठं टाकायचं?

ता. क. तिसरा. तू “माझ्या घरात न्हाई” म्हणालास तर माझ्या ओसरीवर टाकणार हाय, जिथं सासू मेली तिथंच. दाजी आडवे आले होते, पण म्हातारीच बोलली, “आण तिला. मी एकदा मेलेली हाय, आता मला लोक काय नावं ठेवणार? आन् मेलेली पोरगी आन् मेलेली म्हातारी एका ओसरीला राहिली तर नवनाथाचं काय जातंय?” वर मी तिच्या कालवणावरच्या भाषणाबद्दल जे लिहिलंय ते खोडत न्हाई, पर हे बी खरं हाय. आता ती खेळातल्या दगडाबाईची रोज चौकशी करते, आज मेली का जगली.

ता. क. चौथा. सिंधूवर ओरडू नको. ती रोज दुपारी मला चोरून फोन करून आपल्या पोरीचं विचारते, हे मी लिहिणार नव्हते. चुकून लिहिलं. आता तुमचं तुम्ही बघा.

ता. क. शेवटचा. पोपटराव बुधवारी सकाळी रिकामे कॅन घेऊन परत येतो. त्याच्याबरोबर उत्तर पाठव, न्हाईतर त्याच्या शेजारच्या सीटवर तू बस. टेम्पो नऊला इथं पोचतो. मी साडेआठला चुलीवर पाणी ठेवणार हाय. तू उतरलास किंवा तुझा होकार आला तर ते चहाचं. न्हाई आला, तर तुझ्याच नावानं आंघोळ करीन, न् तीबी गल्लीदेखत. बुधवार, नऊ.