अठ्ठावीसची हवा

मंगळवार, १७ फेब्रुवारी २००९

मोटरला वेड लागलंय! नळ उघडला की टक्, बंद केला की टक्. एक पेला विसळायचा तर तीनदा चालू, तीनदा बंद. मी खाली भांडी घासत होते, तेवढ्यात माडीवरून यांचा आवाज आला— "कमल, टाकीतली हवा गेली! ऐकू येत नाही का?"

मोटर ऐकू येत होतीच. पण यांचा एवढा मोठा आवाज महिनाभरात आला नव्हता. इंदूरच्या दवाखान्यातून आणल्यापासून ओठातल्या ओठात बोलतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "घरी न्या. जे खावंसं वाटेल ते द्या." यांना मी सांगितलेलं नाही. पण यांना कळलं नसेल असंही नाही.

ही टाकी म्हणजे यांचं दुसरं अपत्य. कौलारू घर, वर टाकी ठेवायची सोय नाही, म्हणून तेरा वर्षांपूर्वी यांनी विहिरीशेजारी ही निळी लोखंडी टाकी बसवली. आत रबराचा फुगा, फुग्यात पाणी, बाहेरून हवा. हवा पाण्याला दाबते आणि माडीवरच्या नळाला धार येते. नेपानगरच्या कारखान्यात फिटर ना हे, डोक्यात सतत असलंच! आमच्या लालबागेतली अर्धी माणसं बघायला आली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकलचा पंप घेऊन हे टाकीपाशी बसत. मी कधी बोटसुद्धा लावलं नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

यांनी उशाखालून हवेचं मीटर काढून माझ्या हातात दिलं. "मोजून ये." गेले. टाकीच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल्व आहे, त्यावर धरलं. चाळीस! धावत वर आले.

"पाणी सोडलंस आधी?"

"कुठलं पाणी?"

हे हसले. खरोखर हसले! "अगं, तू पाण्याचा जोर मोजलास, हवेचा नाही. आधी मोटर बंद. मग टाकी पूर्ण रिकामी. मग हवा. रिकाम्या टाकीत अठ्ठावीस पाहिजे." मग विचारलं, "वॉल्वमधून पाणी आलं का हातावर?"

आलं होतं. मी पदराला पुसलं होतं.

"म्हणजे फुगा फाटला. आता नवीच टाकी."

दुपारी दोन फुलके खाल्ले. वर अर्धं केळं.

रविवार, २२ फेब्रुवारी

चुडामण नवी टाकी घेऊन आला. यांच्याच हाताखाली शिकलेला, आता इतवाऱ्यात मोटरींचं दुकान आहे त्याचं. वॉल्वची पिन दाबली तर पाण्याची चिळकांडी उडाली. "वहिनी, फुगा फाटेल शे," म्हणाला. जुनी टाकी निघता निघेना, पोटात पाणी भरलेलं. दोघांनी आडवी केली तेव्हा अंगणभर तांबडं पाणी झालं.

हे खिडकीत खुर्ची टाकून. वरून हुकूम चालू. "पाइप जोडायच्या आधी हवा बघ रे!"

"हाव दादा, पाहेल शे."

"मी नाही पाहिली. कमलला पाहू दे."

मोजली. नव्या टाकीत कारखान्यातूनच भरून आलेली हवा चोवीस. मी पंप मारला. दम लागला, पण बरोबर अठ्ठावीसवर थांबले. वर बघून ओरडून सांगितलं. चुडामणने पाइप जोडून मोटर सुरू केली, तेव्हा हे खिडकीतून म्हणाले, "आलं तुला. चला, झालं माझं काम."

झालं माझं काम! असं कुणी बोलतं का? टेप, पाने, सगळं तिथेच टाकून मी न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले. नव्या टाकीची धार इतकी जोरात, की बाहेर काही ऐकू गेलं नसावं.

रविवार, १ मार्च

पहिला रविवार. मी मुद्दाम पाणी न सोडता मोजलं. वर जाऊन सांगितलं— "बेचाळीस."

अर्धा तास बोलले! "तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंस ना? बेचाळीस कसे येतील? पाणी सोडलंस का?" कपाळाला हात लावला. चहा मागितला. नव्या टाकीची हवा नीट बसेपर्यंत दर रविवारी मोजायची, असं ठरलं. ठरवलं यांनी. मी मान डोलावली, मठ्ठासारखी.

रविवार, ८ मार्च

आज मोटर बंदच केली नाही. "अगं बये!" म्हणाले. वरणभात खाल्ला.

शनिवार, १४ मार्च

जोडाला थेंब येत होता म्हणून चुडामण आला. काम पाच मिनिटांचं, पण वर यांच्याजवळ तासभर बसला. खाली आला तेव्हा डोळे पुसत होता आणि हसतही होता. "काय झालं रे?" म्हटलं तर "काही नाही वहिनी," म्हणून स्कूटरला किक मारली.

रविवार, १५ मार्च

अडतीस सांगितले. रागावले, पण हळू.

सोमवार, २३ मार्च

इथे तरी खरं लिहिते, नाहीतर ऊर फुटेल. मला सगळं येतं. काल हे झोपले असताना मी मोटर बंद केली, टाकी रिकामी केली, मोजलं. सत्तावीस. एक भरली. दहा मिनिटांचं काम. मग वर जाऊन सांगितलं की चव्वेचाळीस.

मला वाटतं, मी शिकले की हे जातील. वेडेपणा आहे, ठाऊक आहे मला. पण ज्या दिवशी मी बरोबर केलं त्याच दिवशी हे म्हणाले ना, काम झालं म्हणून? मग मी ते होऊच देणार नाही.

आणि दुसरं मन म्हणतं, कमल, हा माणूस काळजी घेऊन जाईल. बायकोला एक टाकी सांभाळता येत नाही, आपल्या मागे हिचं काय, हे घेऊन जाईल. तेवढ्यासाठी तरी खरं सांग.

रविवार, २९ मार्च

"पाणी... सोडलंस?" एवढंच विचारलं. डोळे मिटलेले. मी म्हटलं, "विसरले हो." माझं बोट धरून ठेवलं.

पुढच्या रविवारी सांगते. नक्की. अठ्ठावीस सांगते.

शुक्रवार, ३ एप्रिल

गेले. सकाळी सव्वाआठला.

गुरुवार, १६ एप्रिल

काल तेरावं झालं. कोकिळा आज जळगावला गेली, घरी परीक्षा आहेत पोरांच्या. "आई, चल ना माझ्याकडे," म्हणत होती. आत्ता नको म्हटलं.

रविवार यायच्या दोन दिवस आधीच हे निघून गेले. मी थापा मारत राहिले आणि हा माणूस त्या खऱ्या मानून गेला. दुसऱ्या कशाचं इतकं लागत नाही. त्यांना बोलता येईना तेव्हासुद्धा कानाशी जाऊन अठ्ठावीस म्हणता आलं असतं की! एवढा एक आकडा मी त्यांना दिला नाही.

रविवार, ३ मे

पहिला रविवार. मोटर बंद केली, टाकी रिकामी केली, मोजलं. सव्वीस. पंप मारत होते, तर चुडामण दारात. मी चिडले— बघायला आलास होय, मला येतं की नाही ते!

"नाही वहिनी. दादांनी सांगेल व्हतं, पहिल्या रविवारी जाय, नुसता चहा पिऊन ये." मग खाली बघून म्हणाला, "थेंब बंद कराले आलतो, त्या दिवशी म्हने, चुडामण, तिला सगळं येतं रे. खिडकीतून दिसतं मला, पाणी सोडायला हात नेते अन् मागं घेते. मुद्दाम चुकते, मी बोलावं म्हनून. तू तिला काही बोलू नको."