बटणावरचं कुंकू

उदगीर,
दि. ३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शैला हिस,
अ. उ. आ.

काल सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं, की डॉक्टरसाहेब, पुस्तक कुठवर आलं. फोनवर मला काही ऐकू येत नाही म्हणून तू पत्रं लिहितेस, पण लोक कानाशी येऊन ओरडतात त्याला काय करावं! तर लातूरचा छापखानेवाला दिवाळी झाली की काम हातात घेतो म्हणाला. माझ्या पस्तीस वर्षांच्या गुरांच्या डॉक्टरकीच्या आठवणी तू सहा वर्षं खपून तुझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवल्यास, आता सगळ्या कागदावर छापून पाठव. एकदा वाचतो आणि छापखान्याला देतो.

वाचणार अर्थात तारामती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला महिनाभर बारीक अक्षर बंद आहे. हे पत्रसुद्धा बोटाएवढ्या अक्षरात लिहितोय. तुझी वहिनी उजव्या कानाशी बसून वाचेल आणि मी ऐकेन. तिचं म्हणणं असं की म्हशींचं करण्यात जन्म गेला, आता म्हातारपणी वाचायच्याही म्हशीच.

ओंकारला आणि सूनबाईंना आशीर्वाद. उत्तराला उशीर करू नकोस.

तुझा,
हिम्मतरावदादा


बरकतपुरा, हैदराबाद,
दि. ९ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून पेन हातात घेते आणि खाली ठेवते. आता सांगूनच टाकते. कॉम्प्युटर सुरू होत नाही.

खंडेनवमीला नेहमीसारखी त्याची पूजा केली. दोन दिवसांनी बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा घरघरला आणि मी चार आकडे मोजेपर्यंत सगळं गप्प. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तेच. मी इतकी परेशान झाले की रिक्षात घालून नारायणगुड्याच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दोनदा चालू करून पाहिलं आणि मदरबोर्ड खतम म्हणून मोकळा झाला. निदान आतली डिस्क तरी काढून दे म्हटलं, तर म्हणाला की इतकी जुनी डिस्क हात लावताच गेली तर माझ्या नावाने बोंबलू नका. तशीच परत आणली.

ओंकार कामासाठी पुण्याला आहे, तो फोनवर भंगारात द्या म्हणतो. त्याला तरी काय बोलू? पेन ड्राइव्हवर एक नक्कल ठेव म्हणून पोरगा कानीकपाळी ओरडत होता आणि मी म्हणायची, नक्को रे, मशीन कुठे पळून चाललंय! आणि तुम्ही हाताने लिहिलेल्या त्या आठवणींच्या वह्या, दादा, दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा मीच रद्दीत घातल्या. वाटलं, सगळं टाईप झालंय, कशाला धूळ साठवायची. आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एक आशा आहे. आमची सून भाग्यलक्ष्मी दवाखान्यातली हृदयाची, श्वासाची यंत्रं दुरुस्त करते. ती म्हणाली, अत्तम्मा, रडणं बंद करा, मी उघडून बघते. पण या रविवारी तिची ड्यूटी आहे, म्हणून १९ तारखेची वाट पाहायची. रागवा, पण पत्र पाठवा.

तुमची,
शैला


उदगीर,
दि. १४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शैला हिस,
अ. उ. आ.

रागावलो. तासभर चांगलाच रागावलो होतो, उगाच खोटं कशाला लिहू? मग तारामतीने चहा आणून ठेवला आणि विचारलं, की नऊ वर्षं आपल्या घरी राहून शिकलेल्या पोरीने मुद्दाम केलंय का हे. मग मी मुकाट तो चहा प्यायलो.

पण शैला, मला भीती वाटते ती वेगळीच. ते सगळं पुन्हा लिहिणं मला जमायचं नाही. परवा माझ्याच जोडीतल्या बैलाचं नाव आठवेना. दुपारभर आठवत बसलो, शेवटी तारामतीने सांगितलं. तुझ्या त्या डब्यात आहे तेवढंच आता माझ्याजवळ आहे. ते गेलं तर मी पस्तीस वर्षं काय केलं हे मलाच कळायचं नाही.

सूनबाईंना माझं एवढं सांग. आजारी जनावराला आल्याआल्या हात लावायचा नाही. आधी नुसतं उभं राहून बघायचं. मुकं असलं तरी आपलं दुखणं ते दाखवतंच.

तुझा,
दादा


बरकतपुरा, हैदराबाद,
दि. २० ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सुरू झाला! दादा, सुरू झाला! आधी हे वाचा, मग खाली बसा.

तुमचा निरोप मी भाग्यलक्ष्मीला सांगितला. तिने खरंच स्क्रू काढायला हातसुद्धा लावला नाही. स्टूल घेऊन समोर बसली, मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. असं सात वेळा. मला वाटलं, हिलाही काही सुचत नाहीये. मग म्हणाली, की खरा बिघाड असता तर कधी दोन सेकंदांत बंद पडला असता, कधी दहा. हा दरवेळी बरोबर चारालाच जातो, आणि बटण कुणी दाबून धरलं तरच कॉम्प्युटर चार सेकंदांत बंद होतो. म्हणजे कुणीतरी बटण दाबून धरलंय.

कोणी धरलं असेल? मीच! एकोणीस वर्षं दर खंडेनवमीला ओलं हळदकुंकू मी बरोबर बटणावर लावते. जिथून तो सुरू होतो तिथेच पूजा करावी, असा माझा हिशोब. तिने पुढचं झाकण काढलं तर आत लाल-पिवळा थर, वाळून घट्ट झालेला, आणि दाबलेलं बटण त्यात चिकटून सावकाश वर येणारं. पंख्यात अक्षतांचे तांदूळ. मी लाजेने अर्धी झाले. ती हसली नाही हो. स्पिरिटच्या बोळ्याने तासभर पुसत बसली, आणि वर म्हणाली की दवाखान्यातल्या यंत्रांचीही पूजा होते, पण तिथे ती स्वतः उभी राहून कुंकू कागदावर लावायला लावते.

काय पोर आहे! दुकानदाराने दोन मिनिटांत ज्याला मयत ठरवलं, त्याच्यापुढे ही शांत बसून राहिली. नाडी बघत बसलेल्या तुमचीच आठवण झाली मला. लग्नात, पोरगी तेलुगू आहे, आपल्याशी कसं जमेल म्हणून मी तोंड वाकडं केलं होतं. काल तिचे हात धरून तिला हे सांगून टाकलं. तिला ते आधीपासून माहीत होतं म्हणे.

मी फराळाच्या गडबडीत होते, म्हणून तिनेच दोन नकला पेन ड्राइव्हवर ठेवल्या, सगळं छापून घेतलं आणि आज सकाळी कुरिअरही केलं. उद्या लक्ष्मीपूजन. आमची लक्ष्मी दोन दिवस आधीच पावली.

तुमची,
शैला


बरकतपुरा, हैदराबाद,
दि. २४ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आधी पोचलं तर फार बरं. ती पानं वाचू नका! तशीच परत पाठवा. वहिनीला हे फोनवर सांगायचं धाडस होत नाही.

टाईप करताना कुठे काही आठवलं की मी खाली तिरक्या अक्षरांत चार ओळी लिहून ठेवायची. माझ्यापुरत्या. तुम्हाला पाठवण्याआधी त्या काढून टाकणार होते. भाग्यलक्ष्मी मराठी छान बोलते, पण वाचते अडखळत. तिला वाटलं तेही पुस्तकातलंच, आणि तिने सगळं छापलं. आज घरी ठेवलेली दुसरी छापील प्रत चाळली आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. तुमच्या पुस्तकात लुडबुड करायचा माझा विचार नव्हता, आईची शप्पथ. माझ्या त्या चौदा टिपा आहेत. कृपा करून वाचू नका.

तुमची,
शैला


उदगीर,
दि. ३१ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शैला हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उशिरा पोचलं. वाचून झालं होतं.

कसं झालं ते ऐक. तारामती कानाशी बसून वाचत होती. देवणी गाईचं अडलेलं वासरू मी सोडवलं, ती गोष्ट चालू होती. गोष्ट संपली, ती थांबली आणि तिने पान उलटलं. पण मला दिसलं, की तोंड बंद असताना तिचं बोट चार ओळी खाली सरकलं होतं. पुढच्या गोष्टीलाही तेच. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, शैलाचा पोरकटपणा आहे. मग मी तिच्या हातातून पानं घेतली, भिंग काढलं आणि डॉक्टरचं न ऐकता तीन दिवसांत तुझ्या चौदाही टिपा वाचल्या.

पाटी! शैला, मी ती पाटी साफ विसरलो होतो गं. मी गावोगाव फिरतीवर. लोक आपल्या दारात येऊन आपापल्या जनावराचं रडगाणं सांगायचे आणि तारामती त्यांना प्रश्न विचारायची. शेण कसं आहे, रवंथ कधीपासून थांबलं, कुठल्या कुशीवर बसतं. सगळं दारामागच्या पाटीवर लिहून ठेवायची. मी यायचो, पाटी वाचायचो आणि त्या गावाला जायचो. तिथे जनावराकडे बघताच रोग सांगितला की लोक हात जोडायचे. त्या गाईचं वासरू आडवं आहे हेसुद्धा पाटीवर होतं, हे तू लिहिलंस म्हणून मला आठवलं. एकशे नव्वद पानांत मी माझ्या घोडीचं नाव अकरा वेळा लिहिलं, सायकलच्या पंक्चरांचं लिहिलं, आणि हिचं एकदाही नाही. हिने ते सगळं मला वाचून दाखवलं, जिथे हिचं नाव आलं तेवढं वगळून. मला स्वतःची लाज वाटली, आणि तिच्याकडे बघून ऊर भरून आला, दोन्ही एकाच वेळी.

तुझ्या टिपा एकही काढायची नाही. तारामतीने तुझ्या दोन चुका मात्र काढल्यात. तुझ्या टिपेतली म्हैस डाव्या डोळ्याने आंधळी होती, उजव्या नव्हे, आणि दुसऱ्या टिपेतला तो बैल पाटलांचा नव्हे, गुरवांचा. छापखानेवाल्याला थांबायला कळवलंय. तारामती रोज दुपारी तिच्या आठवणी सांगते आणि मी मोठ्या अक्षरात लिहून घेतो. बावीस पानं झाली. ती तुझ्याकडे येतील, टाईप कर. सूनबाईंना म्हणावं, हा म्हातारा तुम्हाला नमस्कार करतो, आणि आमच्या घराण्यात वयाने लहान माणसाला तो कोणी केलेला नाही.

आता शेवटचं. पहिल्या पानावर लेखकाचं नाव आहे तिथे आधी तारामती घाल, मग मी. ती नको म्हणते आहे. तू तिचं ऐकू नकोस, छापून आल्यावर बघेल ती.

आमच्या दोघांवरची माया अशीच दाट ठेव.

तुझा,
दादा